१९३६: ब्रिटनचं तीन राजांचं वर्ष, आणि त्यातली खरी मोठी बातमी कोणती?

जुनीरद्दी (धागालेखक)

मंडळी,

१९३६ या एका सालात ब्रिटनच्या गादीवर तीन राजे बसले. २० जानेवारीला पाचवा जॉर्ज वारला. थोरला मुलगा आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आला, ११ डिसेंबरला ती सोडून मोकळा झाला आणि धाकट्या भावाला सहावा जॉर्ज व्हावं लागलं. एडवर्डच्या वाट्याला सगळे मिळून ३२६ दिवस आले. राज्याभिषेकाचा मुहूर्त ठरला होता, पण त्या आधीच गडी गेला.

या वर्षाबद्दल काहीही उघडा, एडवर्डने जिच्याशी लग्न करायला गादी सोडली त्या मिसेस सिम्प्सनबाईंवर पानंच्या पानं आणि बाकीचं वर्ष तळटीपेत. मला हे पटत नाही. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात बोलका तुकडा जानेवारीतले पाच दिवस आहे.

१६ तारखेला लंडनमध्ये शापुरजी सकलातवाला गेले. १८ ला रुडयार्ड किपलिंग. २० ला स्वतः राजा. यातल्या पहिल्या दोघांचा जन्म मुंबईचा. किपलिंगचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, सकलातवालांची आई जमशेटजी टाटांची बहीण. किपलिंगने याच राजाचं १९३२ चं पहिलं नाताळचं रेडिओभाषण लिहून दिलं होतं. सकलातवाला कम्युनिस्ट खासदार, साम्राज्याविरुद्ध बोलण्यात हयात गेली. आणि तिसऱ्याच्या आगमनाची आठवण म्हणून तर आपलं गेटवे ऑफ इंडिया उभं आहे. साम्राज्याचा भाट, साम्राज्याचा वैरी आणि साम्राज्याचा धनी, तिघे एका आठवड्याच्या आत. किपलिंग आणि सकलातवाला, दोघांचं दहनही गोल्डर्स ग्रीनच्या एकाच दाहगृहात.

पुढे वर्षभरात केबल स्ट्रीट, जॅरोचा मोर्चा, क्रिस्टल पॅलेसची आग, बीबीसीचं टीव्ही प्रक्षेपण, स्पिटफायरचं पहिलं उड्डाण हे सगळं आहेच. तुमच्या मते या वर्षातली खरी मोठी घटना कोणती? राजीनामाप्रेमींनी बिनधास्त भांडावं.

तिरकस_तात्या

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो. तोपर्यंत कोणी मराठी विरुद्ध इंग्रजी माध्यम काढू नका.

चहा_बिनसाखर

मस्त धागा. किपलिंग माहीत, राजा माहीत, पण हे सकलातवाला कोण? टाटांचे भाचे आणि कम्युनिस्ट? घरी जेवायला वाढायचे का त्यांना?

जुनीरद्दी

@चहा_बिनसाखर, वाढायचे, पण फार दिवस नाही. जन्म १८७४ चा. तरुणपणी टाटांसाठी मध्य भारतात लोखंडाच्या खनिजाच्या शोधात हिंडले. १९०५ च्या सुमारास इंग्लंडला गेले आणि तिथेच रमले. १९२२ मध्ये लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून खासदार झाले, पुढच्या वर्षी पडले, १९२४ ला पुन्हा आले, तेव्हा सरळ कम्युनिस्ट म्हणून. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कमध्ये भाषण ठोकलं म्हणून दोन महिने आत. १९२७ मध्ये भारतात आले, गांधींशी जाहीर पत्रापत्री केली, खादी आणि महात्मापण दोन्हींवर टीका केली. परत गेल्यावर सरकारने त्यांना पुन्हा भारतात पाय ठेवू दिला नाही. ब्रिटनचा खासदार, साम्राज्याचा नागरिक, आणि जन्मगावी यायला बंदी!

त्यांच्या आधी ब्रिटिश संसदेत दोनच भारतीय निवडून गेले होते. १८९२ ला दादाभाई नौरोजी, लिबरल. १८९५ ला मंचेरजी भावनगरी, कॉन्झर्व्हेटिव्ह. आणि मग हे. तिघेही पारशी, तिघांचे पक्ष तीन.

तिरकस_तात्या

जेवून आलो. म्हणजे पारशी समाजाने सगळ्या पक्षांत आपली एकेक सीट आधीच बुक केली होती. धंदेवाईक लोक.

घटनाबाज

धागालेखकाशी साफ असहमत. पाच दिवसांत तीन माणसं वारली हा योगायोग आहे. वाचायला छान, पण योगायोगाने काही बदलत नाही. राजत्यागाने बदललं.

प्रेमकहाणी बाजूला ठेवा. प्रश्न सोपा होता: पंतप्रधान बाल्डविनने सांगितलं, ही बाई राणी म्हणून चालणार नाही. राजा म्हणाला, मग निदान पत्नी म्हणून चालू द्या, राणी नको. मंत्रिमंडळ म्हणालं, तेही नाही. आणि राजा गेला. युद्ध नाही, बंड नाही, टॉवरमध्ये कैद नाही. गादीवर कोण बसणार हे संसद ठरवते, यावर कायमचा शिक्का बसला.

दुसरी गंमत याहून भारी. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यामुळे कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे डोमिनियनची (साम्राज्यातल्या स्वशासित देशांची) संमती लागत होती. दक्षिण आफ्रिकेने आपल्या कायद्यात राजत्याग १० डिसेंबरपासून धरला. ब्रिटनमध्ये ११. आणि आयर्लंडचा सरकारप्रमुख डी व्हॅलेराने संधी साधून आधी राज्यघटनेतून राजाचं नाव पुसलं, मग राजत्यागाचा कायदा केला, तो लागू झाला १२ ला. म्हणजे ११ डिसेंबरला लंडन आणि केपटाउनमध्ये सहावा जॉर्ज, आणि डब्लिनमध्ये अजून एडवर्डच! एकसंध साम्राज्य म्हणवणाऱ्यांचे एकाच दिवशी दोन राजे.

आणि भारत? भारताला कोणी विचारलंच नाही. आपला सम्राट बदलला, आपल्याला वर्तमानपत्रातून कळलं.

चहा_बिनसाखर

@घटनाबाज, हे दोन राजांचं भारीच! एक बाळबोध शंका: परळचं के.ई.एम. याच एडवर्डच्या नावाने का? गादी सोडलेल्याच्या नावाने हॉस्पिटल कसं चालवलं?

भूलतज्ज्ञ

नाही हो. के.ई.एम. सातव्या एडवर्डचं, म्हणजे याच्या आजोबांचं. ते १९१० ला गेले, परळचं हॉस्पिटल सुरू झालं १९२६ ला. तिथे शिकलेल्यांना हा प्रश्न दर गणपतीला एखादा काका विचारतोच.

नाणेवेडा

आठव्या एडवर्डच्या नावाने आपल्याकडे काही नाही असं मात्र समजू नका. युवराज असताना १९२१ च्या नोव्हेंबरात तो भारतात आला. १७ तारखेला मुंबईत उतरला. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. स्वागताला गेलेल्यांवर हल्ले झाले, दंगल पेटली, पन्नासहून अधिक माणसं मेली, गांधीजींनी उपोषण केलं. दोनच दिवसांनी, १९ ला, हा पुण्यात. शाहू महाराजांच्या पुढाकाराने शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. करमरकरांनी घडवलेला तो अश्वारूढ पुतळा, शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलचा. पुतळा उभा राहिला १९२८ ला. पुणेकर रोज शेजारून जातात आणि कोनशिलेवाल्याची प्रेमकहाणी परदेशी मालिकेत बघतात.

आता माझ्या प्रांतात येतो. ब्रिटनमध्ये त्याची टपाल तिकिटं १ सप्टेंबर १९३६ ला आली, पण नाणी चलनात आलीच नाहीत, नमुने पाडून झाले होते तरी. त्यातही याचा हट्ट. ब्रिटिश नाण्यांवर प्रत्येक राजाचा चेहरा आधीच्याच्या उलट दिशेला असतो. बापाचा डावीकडे, म्हणून याचा उजवीकडे हवा. हा म्हणाला, माझी डावी बाजू चांगली दिसते, केसांचा भांग त्या बाजूला आहे. आणि डावाच चेहरा काढून घेतला.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळींनी त्याच्या नावाने काहीच काढलं नाही. पण कच्छ संस्थानाने काढलं! कच्छची १९३६ ची पाच कोरीची (कोरी म्हणजे तिथलं चलन) नाणी एडवर्डच्या नावाने आहेत. चेहरा नाही, नुसतं नाव. ज्या राजाचं नाणं त्याच्या स्वतःच्या देशात चाललं नाही, ते भुजच्या बाजारात चाललं. माझ्याकडे एक आहे. विकायचं नाही, आधीच सांगतो.

तिरकस_तात्या

डावी बाजू चांगली दिसते म्हणे. म्हणजे सेल्फीचा जनक. हीच ती मोठी घटना. धागा बंद करा.

टाईनकाठची

मी न्यूकॅसलजवळ राहते, त्यामुळे माझं मत पक्षपाती. माझं मत जॅरोला.

हे गाव टाईन नदीच्या काठी. पामर कंपनीच्या गोदीवर सगळं गाव जगायचं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गोदी बंद पडली आणि गावातले बहुतेक पुरुष एका झटक्यात रिकामे. ५ ऑक्टोबर १९३६ ला २०० माणसं लंडनला चालत निघाली. जवळजवळ साडेचारशे किलोमीटर. ओकच्या लाकडी पेटीत अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज. सोबत त्यांची खासदार एलेन विल्किन्सन, उंचीने एवढीशी बाई, वाटेत जमेल तिथे स्वतः चालत. एक कुत्राही बरोबर गेला.

वाटेत गावंच्या गावं जेवू घालत होती. लेस्टरला पोचेपर्यंत बुटांचे तळ गेले होते, तर तिथल्या सहकारी संस्थेच्या चांभारांनी रात्रभर बसून सगळ्यांचे बूट फुकट दुरुस्त करून दिले. मला पूर्ण मोर्च्यात हा प्रसंग सगळ्यात आवडतो. भाषण नाही, पाठिंब्याचं पत्रक नाही. सकाळी उठले तर बूट तयार.

३१ ऑक्टोबरला लंडन. बाल्डविनने भेट नाकारली. अर्ज संसदेत ठेवला गेला, दोनचार मिनिटं बोलणं झालं, संपलं. माणसं रेल्वेने घरी परत आली तर कळलं, तुम्ही महिनाभर कामाला उपलब्ध नव्हतात म्हणून तुमचा बेकारीभत्ता कापला आहे.

आज जॅरोत त्यांचं शिल्प आहे, सुपरमार्केटच्या दारात. कुत्र्यासकट. लोक ट्रॉल्या ढकलत शेजारून जातात.

आणि हो, ही विल्किन्सनबाई १९३२ मध्ये इंडिया लीगच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये भारताच्या स्वराज्याची बाजू मांडणाऱ्या संस्थेच्या, शिष्टमंडळातून भारतात येऊन गेली होती, सोबत कृष्ण मेनन. इथल्या दडपशाहीवर त्यांनी जो अहवाल काढला तो सरकारला चांगलाच झोंबला.

चहा_बिनसाखर

बूट. _/\_

घटनाबाज

@टाईनकाठची, प्रतिसाद आवडला. पण तुम्हीच लिहिलंत ना, संपलं म्हणून. मोर्च्याने मिळवलं काय? मोठी घटना म्हणजे जिच्यामुळे काही बदललं ती.

टाईनकाठची

तेव्हा काही नाही, खरंय. पण राजत्यागाने जॅरोच्या माणसाच्या ताटात काय पडलं, तेही सांगा. तो राजा १८ नोव्हेंबरला साउथ वेल्सच्या डाउलेसला गेला, बंद पडलेला पोलादाचा कारखाना बघितला, म्हणाला काहीतरी केलं पाहिजे. लोक खूश. आणि तीन आठवड्यांत स्वतःच निघून गेला. ज्याच्या हातात गादी होती त्याने जाताना एकीचं नाव घेतलं, बेकारांचं नाही. रेडिओवरचं भाषण पुन्हा वाचा.

पूर्वलंडनकर

केबल स्ट्रीटवर अजून कोणी बोललं नाही? मी तिथून जवळच राहतो, शेजार बराचसा सिल्हेटी बांगलादेशी. तेव्हा तो सगळा ज्यू आणि आयरिश कामगारांचा भाग.

४ ऑक्टोबर १९३६, रविवार. ऑस्वाल्ड मोझ्ली आपले काळे शर्टवाले फॅसिस्ट घेऊन ज्यू वस्तीतून संचलन करणार होता. बंदी घाला म्हणून लाखभर सह्यांचा अर्ज गेला, सरकारने ऐकलं नाही, उलट संरक्षणाला सहा-सात हजार पोलीस दिले. लोकांनी रस्ते अडवले. लॉरी आडवी घातली, फरशा उखडल्या, घोडेस्वार पोलिसांच्या टापांखाली गोट्या फेकल्या. बायकांनी खिडक्यांतून हाताला येईल ते ओतलं, रात्रीची भांडीसुद्धा. घोषणा स्पॅनिशमधली, ‘नो पासारान’, म्हणजे ‘ते पुढे जाणार नाहीत’, कारण जुलैपासून स्पेनमध्ये यादवी पेटली होती. शेवटी पोलीस आयुक्ताने मोझ्लीला परत फिरायला सांगितलं.

दोन दिवसांनी मोझ्ली बर्लिनमध्ये, गोबेल्सच्या घरात दुसऱ्या लग्नाला उभा. पाहुण्यांत हिटलर. डोक्यात काही शंका असेल तर इथे मिटावी.

जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर या सगळ्याचं प्रचंड भित्तिचित्र आहे. अंडी, दुधाच्या बाटल्या, घोडे सगळं हवेत. लंडनला आलात तर टॉवर ब्रिज बघून झाल्यावर पंधरावीस मिनिटं चाला आणि हे बघा.

जुनीरद्दी

@पूर्वलंडनकर, वाट बघत होतो. माझा पाच दिवसांचा धागा इथे येऊन जुळतो बघा. स्पेनमध्ये लढायला ब्रिटनमधून जे स्वयंसेवक गेले, त्यांच्या बटालियनला सुरुवातीला नाव दिलं होतं सकलातवाला बटालियन. माणूस जानेवारीत गेला आणि वर्षाच्या शेवटी त्याच्या नावाखाली इंग्लिश, स्कॉटिश, वेल्श पोरं बंदुका उचलत होती. घटनाबाजसाहेब, याला योगायोग म्हणायचं का?

घटनाबाज

हे मानलं. पण केबल स्ट्रीटच्या विजयाला जरा पाणी घाला. पुढच्याच रविवारी फॅसिस्टांच्या पोरांनी माइल एंड रस्त्यावर ज्यूंची दुकानं फोडली. मार्च १९३७ च्या लंडन काउंटीच्या निवडणुकीत बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टला मोझ्लीच्या पक्षाला २३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. म्हणजे रस्ता अडला, पण माणसं तिथेच होती. आणि गणवेशबंदीचा जो कायदा त्यातून झाला, १९३६ चा पब्लिक ऑर्डर ॲक्ट, तो पुढे संपकऱ्यांवरही वापरला गेला.

जुनीरद्दी

बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्ट! अहो, हा तर मंचेरजी भावनगरींचा मतदारसंघ. १८९५ आणि १९०० ला मुंबईच्या पारश्याला निवडून देणारा. चाळीस वर्षांत तिथेच २३ टक्के फॅसिस्ट. यावर कोणीतरी वेगळा धागा काढा रे.

तिरकस_तात्या

तुम्हीच काढा. तुमच्याकडे जुनी रद्दी आहे.

भूलतज्ज्ञ

पाचव्या जॉर्जच्या मृत्यूवर कोणी काहीच लिहिलं नाही, म्हणून थोडं लांबण लावतो. व्यवसायामुळे हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

सँड्रिंगहॅमला राजा मरणपंथाला लागलेला. फुप्फुसं जुनीच खराब, त्यात हृदय थकलेलं. रात्री साडेनऊच्या सुमारास राजवैद्य लॉर्ड डॉसनने मेन्यूकार्डाच्या मागे ते प्रसिद्ध निवेदन लिहिलं, की राजाचं जीवन शांतपणे अखेरीकडे सरकत आहे. रेडिओने ते पुन्हा पुन्हा सांगितलं. ११:५५ ला राजा गेला. पन्नास वर्षं सगळ्यांना एवढंच माहीत होतं.

१९८६ मध्ये डॉसनच्या खाजगी टिपणी बाहेर आल्या. अकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या हाताने राजाच्या मानेच्या शिरेत पाऊण ग्रेन मॉर्फिन आणि पाठोपाठ एक ग्रेन कोकेन दिलं होतं. म्हणजे अंदाजे ५० आणि ६५ मिलिग्रॅम, शिरेतून, मरणोन्मुख म्हाताऱ्याला. त्याचा अर्थ कुठल्याही भूलतज्ज्ञाला समजावून सांगावा लागत नाही.

कारण काय? यातना लांबू नयेत हे एक. दुसरं त्यानेच लिहून ठेवलंय: बातमी संध्याकाळच्या पेपरात आधी न येता सकाळच्या प्रतिष्ठित पेपरात यावी. त्याने आपल्या बायकोकडून टाइम्सला फोनही करवला होता, की अंक जरा थांबवा.

आणि याच डॉसनने त्याच वर्षी डिसेंबरात, लॉर्ड्स सभागृहात स्वेच्छामरणाचं विधेयक आलं तेव्हा विरोधात भाषण केलं. हे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातलं, कायदा नको, असा सूर. विधेयक पडलं.

तुम्ही मला विचारलंत तर वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, फक्त ती १९८६ ला घडली.

मावळतीचा_रंग

@भूलतज्ज्ञ, मी नर्स आहे, आता निवृत्त. तुमच्या लिहिण्यात डॉसन खुनी वाटतो. शेवटच्या तासात माणसाची घुसमट कमी करायला मॉर्फिन आम्हीही दिलंय, डॉक्टरांच्या लेखी आदेशाने. त्याला कोणी खून म्हटलं नाही.

भूलतज्ज्ञ

ताई, फरक डोसचा आणि हेतूचा. घुसमट कमी करायला थोडं थोडं देत राहणं वेगळं. घड्याळ बघून, छापखान्याची वेळ धरून देणं वेगळं. आणि राजाची संमती कुठे? टिपणीत राणी आणि युवराज यांच्याशी झालेलं मोघम बोलणं आहे, की उगाच लांबवू नका. रोग्याचं स्वतःचं काही नाही. शेवटचे शब्द अधिकृतरीत्या ‘साम्राज्य कसं आहे’ असे सांगितले गेले. डॉसनच्या टिपणीप्रमाणे ते नर्सला उद्देशून ‘गॉड डॅम यू’ असे होते, झोपेचं औषध टोचल्यावर.

मावळतीचा_रंग

संमतीचा मुद्दा मान्य. मग के.ई.एम.चं नाव वर निघालंच आहे तर लिहिते. तिथलीच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली, तिला तिथल्या नर्सेसनी चाळीस वर्षांवर सांभाळलं, एक बेडसोर होऊ न देता. २०११ ला सुप्रीम कोर्टात तिला मरू द्यावं ही याचिका सुनावणीला आली तेव्हा तिच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या याच नर्सेस. कोर्टाने याचिका फेटाळली, पण त्याच निकालात परोक्ष दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरू देण्याला, दार उघडलं. २०१८ ला ते आणखी पक्कं झालं. डॉसनने जे एकट्याने, बंद खोलीत ठरवलं, ते आमच्याकडे उघड्या कोर्टात, सगळ्यांसमोर भांडून ठरलं. मला हे जास्त बरं वाटतं.

चहा_बिनसाखर

दोघांचेही प्रतिसाद वाचून ऑफिसचं काम राहिलं. वाचनखूण साठवली आहे.

तिरकस_तात्या

वातावरण फार गंभीर झालं म्हणून अवांतर: सँड्रिंगहॅमची घड्याळं अर्धा तास पुढे असायची. सातव्या एडवर्डने शिकारीला जास्त उजेड मिळावा म्हणून ती पद्धत पाडली होती. बाप गेला त्याच रात्री नव्या राजाचा पहिला हुकूम: घड्याळं नीट लावा. मला हा माणूस त्या क्षणापुरता फार आवडतो. आमच्या घरचं भिंतीवरचं घड्याळही दहा मिनिटं पुढे आहे, तो हुकूम देण्याची आपली काही हिंमत नाही.

बॅटची_कड

क्रिकेटशिवाय १९३६? अरे देवा.

त्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडमध्ये होता. कप्तान विझियानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. खेळापेक्षा दरबार मोठा. पहिल्या कसोटीच्या आधीच लाला अमरनाथला बेशिस्तीच्या नावाखाली बोटीने परत पाठवलं. दौरा चालू असतानाच राजाने, म्हणजे याच आठव्या एडवर्डने, विझीला सर केलं. त्याच्या कसोटीतल्या धावा बघितल्या तर ही पदवी फलंदाजीसाठी नव्हती एवढं नक्की.

पण ओल्ड ट्रॅफर्ड, जुलै. पहिल्या डावात आपण २०३ सर्वबाद. इंग्लंडचे ५७१. दुसऱ्या डावात आपला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला आले आणि सलामीलाच २०३ केल्या! अख्ख्या संघाने केलेल्या धावा दोघांनी. मुश्ताक ११२, परदेशात भारतीयाचं पहिलं कसोटी शतक. मर्चंट ११४. सामना वाचला. मालिका गेली, ती जाणारच होती.

लॉर्ड्सला सलामीला आणि यष्टीमागे होता दत्ताराम हिंदळेकर, रत्नागिरीचा. कोकणाने नोंद घ्यावी.

टाईनकाठची

कोकणाने नोंद घेतली. :)

क्रिस्टलपार्ककर

क्रिस्टल पॅलेस माझ्या घराजवळ, म्हणून दोन शब्द. पॅलेस आता नाहीच. १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये काचेचा बांधला, मग सिडनहॅमच्या टेकडीवर हलवला. ३० नोव्हेंबर १९३६ च्या संध्याकाळी व्यवस्थापक हेन्री बकलंड मुलीला आणि कुत्र्याला घेऊन फिरायला निघाला होता, त्याला आत लाल उजेड दिसला. मुलीचं नाव क्रिस्टल, याच इमारतीवरून ठेवलेलं. शेकडो बंब-जवान आले, सकाळपर्यंत सगळं भुईसपाट. लाख लोक बघायला जमले. चर्चिलही आला आणि एका युगाचा शेवट म्हणून गेला. टीव्हीवाल्या बेअर्डची बरीच यंत्रं त्यात जळली, आणि त्याचा महिनाही तसा वाईटच चालला होता: २ नोव्हेंबरपासून अलेक्झांड्रा पॅलेसहून बीबीसीने टीव्ही सुरू केला होता, एक आठवडा बेअर्डची पद्धत, एक आठवडा मार्कोनी-ईएमआयची. २४० रेषांचं चित्र ४०५ रेषांसमोर टिकेना. थोड्याच महिन्यांत त्याला काढलं.

आज टेकडीवर पायऱ्या, स्फिंक्स आणि रिकामं मैदान. मुलांना त्याचं काही नाही, ती खालच्या तळ्याकाठच्या सिमेंटच्या डायनासोरांकडे पळतात.

शून्यएक

दहा वर्षांनी कोणाला राजा आठवला असेल, पण शंभर वर्षांनी? मे १९३६ मध्ये केंब्रिजच्या २३ वर्षांच्या ॲलन ट्युरिंगने एक निबंध सादर केला. त्यात एक काल्पनिक यंत्र: लांबच लांब फीत, तिच्यावर चौकोन, एकेक चिन्ह वाचायचं, खोडायचं, डावीउजवीकडे सरकायचं. तुम्ही हा धागा ज्यावर वाचताय ते सगळं तात्त्विकदृष्ट्या त्या फितीतच आहे. छापून यायला सुरुवात झाली नोव्हेंबरअखेर, म्हणजे क्रिस्टल पॅलेस जळत होता त्या दिवसांत. पेपरात एक ओळ नसेल. माझं मत ट्युरिंगला, विषय संपला.

तिरकस_तात्या

विषय संपला म्हणणाऱ्यांमुळेच धागे शंभरी गाठतात.

खानदेशी_भरीत

घटनाबाज म्हणाले भारताला कोणी विचारलंच नाही. बरोबर, पण उत्तर मात्र भारताने दिलं, आणि ते आमच्या खानदेशातून!

राजत्यागानंतर पंधरवड्याने, १९३६ च्या डिसेंबरअखेर, जळगाव जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडप, कमानी नंदलाल बोसांनी बांबू आणि गावच्या सामानातून उभ्या केल्या. माझे आजोबा तिथे स्वयंसेवक होते, पाण्याच्या टाक्यांवर. त्यांच्या आठवणीत राजाबिजा काही नव्हता, फक्त माणसंच माणसं आणि धूळ. पण त्याच अधिवेशनात ठराव झाला की नव्या सम्राटाच्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात भाग घेऊ नका. आणि खरंच, सहाव्या जॉर्जचा दिल्लीत दरबार कधी भरलाच नाही. बापाचा १९११ ला भरला होता.

घटनाबाज

@खानदेशी_भरीत, हा प्रतिसाद धाग्याचा सर्वोत्तम. आणि माझ्या बाजूचा! राजत्याग नसता तर नवा सम्राट नसता, नवा सम्राट नसता तर हा ठराव नसता.

जुनीरद्दी

तुम्ही वकील आहात हे आता नक्की झालं. एडवर्ड गादीवर राहिला असता तरी १२ मे १९३७ ला राज्याभिषेक होताच. तारीखसुद्धा बदलली नाही, फक्त आतला माणूस बदलला. ठराव त्याच्याविरुद्ध झाला असता.

मूळ प्रश्नावर यायचं तर माझं मत हललेलं नाही, जानेवारीच. पण दुसरा क्रमांक मी लेस्टरच्या चांभारांना देईन. टाईनकाठचीताई, ते आधी ठाऊक नव्हतं.

चहा_बिनसाखर

एक राहिलंच. त्या वेळच्या साध्या ब्रिटिश माणसाला काय मोठं वाटत होतं? त्याला राजाच्या भानगडीबद्दल माहीत तरी होतं का?

पूर्वलंडनकर

नव्हतं, हीच तर मजा. अमेरिकन पेपरांत उन्हाळाभर फोटो छापून येत होते, इंग्लंडमध्ये पेपरमालकांनी आपसात ठरवून तोंड शिवलं होतं. बाहेरून येणाऱ्या मासिकांची पानं कापून विक्रीला ठेवायचे. २७ ऑक्टोबरला इप्सविचच्या कोर्टात बाईंना घटस्फोटाचा प्राथमिक हुकूम मिळाला, तीही बातमी कोपऱ्यात चार ओळींची. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डचा बिशप ब्लंट एका भाषणात म्हणाला की राजाला देवाच्या कृपेची गरज आहे, ती त्याला जाणवते अशी आशा. त्याच्या मनात राजाचं चर्चला न जाणं होतं. पेपरवाल्यांना वाटलं, फुटली बातमी. ३ तारखेला सगळीकडे मथळे. आणि ११ ला सगळं खलास. साध्या माणसासाठी हे अख्खं प्रकरण आठ दिवसांचं होतं.

नाणेवेडा

आणि त्या आठ दिवसांत स्टॅफर्डशायरच्या कुंभारांचं काय झालं असेल! एडवर्डच्या राज्याभिषेकाचे मग, बश्या, डबे वर्षभर बनत होते, ‘१२ मे १९३७’ छापून. न झालेल्या समारंभाची भांडी. मला दर महिन्याला कोणीतरी निरोप पाठवतं, आजोबांच्या कपाटात असा मग सापडला, दुर्मीळ आहे ना, किती येतील? दुर्मीळ अजिबात नाही. ढिगाने बनले होते, लोकांनी गंमत म्हणून जपून ठेवले, त्यामुळे भरपूर उरले.

मावळतीचा_रंग

माझ्या जाऊबाईंकडे तसा एक आहे, लंडनच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्यात पेनं ठेवतात. सांगू का त्यांना?

तिरकस_तात्या

नका सांगू ताई. लाखाचा समजून जपतायत तोवर पेनं तरी जागेवर राहतील.